पावती फाडली म्हणजे जीवदया झाली का?



पर्युषणात पांजरापोळाची पावती फाडली की जीवदया झाली, असं आपल्यात मानतात. मी वाणिज्य शाखेची. मला हा हिशेब पटत नाही.

अकोले, इगतपुरीच्या डोंगरात डांगी गाय आहे. तिच्या कातडीला तेलकट ओल असते, म्हणून सह्याद्रीचा धो-धो पाऊस ती सोसते. उतारावरचं गवत तिला पुरतं. तिचा गोऱ्हा मोठा होऊन भातखाचराच्या चिखलात नांगर ओढतो. दूध मात्र दिवसाला दोनेक लिटर.

'परवडत नाही' म्हणून तिच्या जागी संकरित गाय आणली, की पेंड आणि चारा घाट चढवून आणा, पावसात तिला जपा, डॉक्टर बोलवा. आणि तिचा गोऱ्हा? वशिंड लहान, जू बसत नाही. तो कुणालाच नको. 2015 पासून राज्यात बैलाची कत्तल बंद आहे. कायद्याने सुरी थांबवली, वैरण दिली नाही.

मग तो रस्त्यावर, नाहीतर पांजरापोळात. म्हणजे स्वस्त दुधातला तोटा आपणच दानाच्या पावतीने भरतो! ज्या धंद्यात भाकड गाईची आणि गोऱ्ह्याची तरतूद नाही, त्याचा नफा खोटा.

ज्यांना दूध सोडवतं, त्यांची मी अनुमोदनाच करते. बाकीच्यांनी डांगी पाळणाऱ्याचं तूप त्याच्या भावात घ्यावं, घासाघीस न करता. फक्त आधी विचारा: भाकड गाय कुठे आहे? गोऱ्हा कुठे आहे?

उत्तर मिळालं नाही, तर बरणी तिथेच ठेवा.