संगणकातील बंद खोली

आमच्या एका स्नेह्यांच्या पेढीचे जुने हिशेब विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडले होते. एका जुन्या वर्षाविषयी करखात्याची विचारणा आली आणि नव्या संगणकावर ते काही उघडेना. संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक उभा करून त्यात एक्सपी चालविणे, हा त्यावरचा उपाय. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स बसविले, तर तेही अडले. दुकानदाराने निदान केले, "प्रोसेसरमध्ये ती सोयच नाही, नवा संगणक घ्या." तपासणीवाचून मंजुरी न देण्याची बँकेतील सवय अद्याप सुटलेली नसल्यामुळे मी त्यांना थोडे थांबविले.

एक यंत्र अनेक आभासी यंत्रांत सुरक्षितपणे वाटून देण्याची क्षमता प्रोसेसरच्या घडणीतच असावी लागते. इंटेलने ती २००५ मध्ये 'व्हीटी-एक्स' या नावाने आणली, तर एएमडीने २००६ मध्ये 'एएमडी-व्ही' या नावाने. मात्र त्यानंतरच्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये ती होतीच, असे वाचकांनी समजू नये. इंटेलच्या कोअर टू ड्युओ या एकाच घराण्यातील ई६३०० मध्ये ती आहे, ई४३०० मध्ये नाही. म्हणून जुन्या यंत्राच्या बाबतीत केवळ नाव न पाहता पूर्ण क्रमांक पाहावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर पडताळावा.

विंडोज १० किंवा ११ असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात सीपीयू निवडला की खाली 'व्हर्च्युअलायझेशन' ही ओळ दिसते. लिनक्सवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्यावी. इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एएमडी-व्ही असा उल्लेख येतो. ॲपलच्या एम १ व त्यापुढील प्रोसेसरमध्येही ही क्षमता आहे. पण त्यांची भाषाच निराळी असल्याने जुनी एक्सपी तेथे अशा रीतीने चालत नाही. तिचे अनुकरण करावे लागते आणि ते संथ असते.

स्नेह्यांच्या पडद्यावर त्या ओळीपुढे 'डिसेबल्ड' असे होते. डिसेबल्ड म्हणजे सोय आहे, पण बंद आहे. 'नाही' आणि 'बंद' यांतील हा फरक दुकानदाराच्या ध्यानात आला नसावा. कुलूप बायोसमध्ये होते. संगणक सुरू होताना डिलीट कळ दाबून आम्ही आत शिरलो (काही यंत्रांत ती एफ २ किंवा एफ १० असते). 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' हे शब्द शोधून सापडेनात, सापडणार कसे? प्रोसेसर एएमडीचा! तेथे त्याचे नाव 'एसव्हीएम मोड' असते. ते चालू केले, बदल जतन केला. डिस्कला बिटलॉकर असेल, तर बायोसला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. नंतर ती मागितली जाऊ शकते.

संध्याकाळपर्यंत एक्सपीचा तो हिरवा डोंगर पडद्यावर उगवला. स्नेह्यांनी खतावणीची पाने छापून घेतली. खर्च झाला तो कागदाचा आणि दोन कप चहाचा.