शेवटची इच्छा हयातीतच सांगावी

घरात मृत्यू घडला की शोकाबरोबरच प्रश्न उभा राहतो : चिता की विद्युतदाहिनी? ‘लाकडावर दहन झाले नाही तर गती मिळणार नाही,’ असे कोणी वडीलधारे म्हणतात आणि मुले गप्प होतात. वास्तविक देह अग्नीस अर्पण करणे हा अंत्येष्टीचा गाभा. इंधन कोणते, हा गौण भाग होय. आपले दहन विद्युतदाहिनीत व्हावे, असे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिहून ठेवले होते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला आणि मुंबईत त्यांच्या इच्छेप्रमाणेच दहन झाले.

एका चितेस तीन-चारशे किलो लाकूड लागते. दाहिनीत दीड-दोन तासांत दहन आटोपते आणि अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळतात. मंत्रोच्चार, पाणी पाजणे, मडके फोडणे हे विधी देह आत नेण्यापूर्वी करता येतात. कपालक्रिया मात्र होत नाही, हे आधीच जाणून असावे. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला सोबत हवा. पेसमेकर असल्यास तो आधी काढून घ्यावा. उष्णतेने त्याचा स्फोट होतो.

दाहिनी जात विचारीत नाही. एक स्मशान हा समरसतेचा आग्रह तेथे सहजच साकार होतो.

चिता निवडणाऱ्यांची श्रद्धाही आदरणीयच. परंतु निर्णयाचे ओझे शोकाकुल मुलांवर का टाकावे? घरातील ज्येष्ठांनी आपली इच्छा हयातीतच स्पष्ट सांगावी. संस्कार देण्याची त्यांची ती अखेरची संधी असते.