पोत्यातली मांजरं

मा. पंकजाताई मुंडे,
पालकमंत्री, जालना जिल्हा,
मंत्री, पशुसंवर्धन आणि पर्यावरण, महाराष्ट्र राज्य

ताई,

अंतरवाली सराटीहून पत्र आलं म्हटलं की पाकीट फोडायच्या आधीच लोक विषय ओळखतात. 2023 च्या सप्टेंबरपासून आमचं गाव एकाच गोष्टीसाठी, मराठा आरक्षणाच्या आंदोलनासाठी, सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालंय. पण हे पत्र मांजरांबद्दल आहे. हसू आलं तर हसून घ्या, पण पुढं वाचा. जिल्ह्याचं पालकत्व, पशुसंवर्धन आणि पर्यावरण, तिन्ही एकाच टेबलावर असण्याचा योग रोज येत नाही.

आमच्याकडं मांजर कुणी विकत आणत नाही. ते आपणहून येतं, ज्वारीच्या थप्पीमागं वितं, पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरतं. उंदीर धरतं म्हणून कुणी हाकलत नाही आणि पोटभर खायलाही कुणी घालत नाही. पोट भरलं तर उंदीर कशाला धरेल, हा जुना हिशोब. पिल्लं फार झाली की मग घरातलं कुणीतरी पोतं काढतं. मारायचं नसतं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं, असं आमची आजी सांगायची. म्हणून पोत्याचं तोंड सुतळीनं आवळायचं, मोटारसायकलवर मांडीवर घ्यायचं आणि कालव्यापलीकडं उसाच्या कडेला सोडून यायचं.

मीही सोडलीत. शेवटच्या खेपेला सुतळी सोडली तरी पिल्लं बाहेर येईनात. पोतं उलटं करून झटकलं. दोन पडली, तिसरं नख्यांनी तागाला धरून लोंबकळत राहिलं. त्याचा एकेक पाय सोडवावा लागला. घरी आलो, हात धुतले, जेवलो.

ती पिल्लं बहुतेक मरतात. जगतात ती रानात शिकतात. गेल्या उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेपलीकडच्या नांगरटीत टिटवी डोक्यावर घिरट्या घालून नुसती किंचाळत होती. खाली एक तांबडी-पांढरी भाटी अंगाचं मुटकुळं करून बसली होती. तिच्या तोंडातून पिल्लाचे काटकीएवढे पाय तेवढे बाहेर दिसत होते. टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते, तितर आणि लावे बांधाच्या गवतात. सरडा, सापसुरळी यांची तर कुणी मोजदादही ठेवत नाही.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं या पट्ट्यात ऊस आला. उसात उंदीर आणि उंदरांमागं रानमांजर. आपल्या राज्यात वाघाटीही उसात पिल्लं घालते. जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांत तिची गणना होते. वजन जेमतेम दीड किलो. ऊसतोडीत तिची पिल्लं सापडली की बिबट्या म्हणून पळापळ होते. जुन्नरकडं वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस संस्थेची माणसं अशी पिल्लं सापडल्या जागी ठेवून रात्रभर आईची वाट पाहतात. इकडं आम्ही तसल्याच उसाच्या कडेला पोती झटकतो. गावातल्या मांजरांचा पॅनल्युकोपेनियासारखा रोग रानमांजरांना लागू शकतो. गावचा बोका रानमांजरीला लागला तर होणारी पिल्लं ना धड गावची, ना रानाची.

ऑस्ट्रेलियात रानटी झालेली मांजरं सरकारच मारतं. ते इथं नको. आपल्याकडं मांजर हजारो वर्षांपासून आहे आणि धान्याची राखण तेच करतं. ऑस्ट्रेलियाच्याच मॅक्वारी बेटावर 2000 सालापर्यंत सगळी मांजरं संपवली, तर सशांनी टेकड्या बोडक्या करून टाकल्या. आमच्या ज्वारीपाशी ससे नसले तरी उंदीर आहेत.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं आपण म्हणतो. इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठानं 2021 मध्ये खरोखर बांधून पाहिली, तर फारसा फरक दिसला नाही. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिलेल्या मांजरांनी मात्र घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली. म्हणजे अर्धपोटी ठेवायचा आमचा हिशोबही एकदा तपासायला हवा. अर्थात तिथली मांजरं विकतचं खाणं खातात, आमच्या भाटीला भाकरीचा तुकडा.

तेव्हा उरते नसबंदी. मुंबई महापालिका मांजरांची नसबंदी करते. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम मुख्यतः कुत्र्यांभोवती फिरतात, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात झालेला गदारोळही भटक्या कुत्र्यांचाच. पण सिमेंटच्या गल्लीतल्या मांजराला टिटवी भेटत नाही. ती भेटते आमच्या शिवारात, आणि इथं सोय शून्य. मी आमची भाटी पिशवीत घालून एका दवाखान्यात नेली होती. डॉक्टर भले होते. म्हणाले, म्हैस आणली असती तर काहीतरी केलं असतं. मांजराला भूल देऊन ऑपरेशन करायची इथं सोय नाही. पिशवीला भोक पाडून ती वाटेतच पळाली. दोन दिवसांनी घरी आली, रुसलेली.

मोठी योजना नको, ताई. एक फिरती गाडी, त्यात भूल द्यायला शिकलेला एक डॉक्टर, रोगाची लस आणि पिंजरे. अंबड तालुक्यात गोदाकाठच्या गावांतून ऊसतोड सुरू व्हायच्या आधी ती एक फेरी मारू दे. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतीनं समिती नेमायची आणि नोंदवही ठेवायची. त्या वहीत टिटवीची, लाव्यांची अंडी कुठल्या बांधाला दिसली आणि पोती कुठं झटकली जातात, हे दोन रकाने घाला. भरायला शाळेतली पोरं पुरेशी आहेत. त्यांना सगळं माहीत असतं.

आमची भाटी पुन्हा गाभण आहे. दोन महिन्यांचा मामला, त्यातला बराचसा सरला. या वेळी गाडी येणार नाही, हे कळतं. पुढच्या वेळी आली तर अगोदर निरोप तेवढा द्या. मांजरं धरून आणायचं काम आमच्याकडं. त्याचा सराव आहे.

आपला,
अंतरवाली सराटीचा एक शेतकरी