अर्हतेच्या रकान्यातली एक ओळ

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : एमपीएच झालेल्या, पण डॉक्टर नसलेल्या मुलामुलींबाबत

महोदय,


एका लहान विद्यापीठात मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे एमपीएचला, शिकवते. लहान म्हणजे किती, तर यंदा पहिल्या वर्षाला 14 मुलं आहेत आणि सांख्यिकी शिकवायला शेजारच्या विभागातले सर उसने आणावे लागतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचं किंवा पुणे विद्यापीठाचं नाव घेतलं की समोरचा मान डोलावतो. आमचं सांगितलं की विचारतो, "हे कुठं आलं?" त्याचं आता काही वाटत नाही. अडचण होते ती प्रवेशाच्या दिवशी आईवडील विचारतात त्या प्रश्नाची : "मॅडम, हे करून मुलगी लागते कुठं?"

मी खरं तेच सांगते. स्वयंसेवी संस्था आहेत, संशोधन प्रकल्पांवर मुदतीच्या जागा निघतात, कंपन्यांच्या सीएसआर निधीतून कामं मिळतात. विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपन्या तर आमची मुलं आनंदाने घेतात, कारण त्यांना आजारांची नावं कळतात आणि एक्सेलही येतं. "आणि सरकारी?" असं कुणी विचारलं की मात्र मी चहा मागवते.

गेल्या वर्षीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. प्राणीशास्त्रात बीएस्सी, वडील एसटीत वाहक. क्षेत्रकार्याला ज्या गावात गेली तिथं काविळीचे रुग्ण निघत होते. ती आधी ग्रामपंचायतीत गेली आणि ओटीचं रजिस्टर मागितलं. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, ही ती ओटी टेस्ट. रजिस्टरात रोज 'ओटी पॉझिटिव्ह' लिहिलेलं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या. आणि शेवटी 31 जूनचीही नोंद!

मग तिने टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गोणी पाहिली. तोंड उघडं, ओलीने पावडरीचे गोळे झालेले. टीसीएल अशी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो; तो 20 टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर टाकीत टाकणं म्हणजे चुना कालवणं. गावाच्या शेवटच्या नळावर तिने स्वतः ओटी घेतली. पाणी काही पिवळं होईना. पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या जलसुरक्षकाला तिने झापलं नाही. त्याच्याशेजारी पायरीवर बसून राहिली, तेव्हा कळलं की त्याचं मानधन चार महिने आलेलं नाही आणि गटाराजवळची गळती त्याने दोनदा तोंडी सांगितलेली आहे. गळती बुजली, नवी गोणी आली. रुग्ण लगेच थांबले नाहीत; काविळीचा विषाणू अंगात कितीतरी आठवडे दबा धरून बसू शकतो. पण शेवटच्या नळाचं पाणी पिवळं यायला लागलं.

हीच मुलगी पुढे एका जिल्ह्यात साथरोगाच्या कंत्राटी जागेसाठी अर्ज करून आली. करार 11 महिने 29 दिवसांचा, म्हणजे लोभ धरावा असंही त्यात फारसं काही नव्हतं. छाननीच्या यादीत तिच्या नावापुढे शेरा : 'अपात्र. मूळ पदवी वैद्यकीय नाही.' जाहिरातीतल्या अर्हतेच्या रकान्यात ते होतंच – वैद्यकीय पदवीधर, अधिक एमपीएच. ती आता पुण्यात बसून रुग्णालयांची बिलं तपासते. पगार त्या जागेपेक्षा बरा आहे, हेही सांगायला हवं.

महोदय, माझं डॉक्टरांशी भांडण नाही. माझ्या वर्गात बीएएमएस आहेत, दंतवैद्य आहेत, आणि ते चांगलं काम करतील. भांडण आहे ते दोन कागदांचं. 2017 चं राष्ट्रीय आरोग्य धोरण म्हणतं की राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा संवर्ग उभारावा. त्यात डॉक्टर मोठ्या संख्येने असतील, पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र अशा वाटांनी येऊन हे प्रशिक्षण घेतलेल्यांचाही विचार व्हावा. 2018 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एमपीएचचा नमुना अभ्यासक्रम काढला, त्यातही जीवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य यांच्या पदवीधरांना दार उघडं आहे. आम्ही तो कागद वाचून प्रवेश देतो. मुलं दोन वर्षं शिकतात, फी भरतात, आणि बाहेर पडल्यावर दुसरा कागद, म्हणजे जाहिरात, त्यांना सांगतो की तुमचं मूळच चुकलं.

गंमत अशी की हे महाराष्ट्रात घडतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच होऊन आले आणि गडचिरोलीत त्यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. त्या बायांनी घरोघरी नवजात बाळं कशी वाचवली, हे 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. जामखेडला आरोळे दाम्पत्याने 1970 पासून हेच दाखवलं होतं. आणि आपण प्राणीशास्त्र शिकलेल्या, वर एमपीएच केलेल्या मुलीला क्लोरीनचं रजिस्टर तपासायला वैद्यकीय पदवी मागतो! 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा अतिदक्षता विभागात डॉक्टरच हवे होते, त्यात वादच नाही. पण धायरी-किरकटवाडीत दारोदार जाऊन "पाणी कुठून भरता?" हे विचारणं, उत्तरं नकाशावर मांडणं, विहिरीपर्यंत माग काढणं, यासाठीच तर एमपीएच शिकवतात.

मागणी लहान आहे. प्रत्येक पदाच्या कामाची यादी समोर ठेवून एकदा ठरवा : यात रुग्ण तपासायचा आहे का? असेल तर वैद्यकीय पदवीची अट राहू द्या. नसेल तर त्या रकान्यात 'कोणत्याही शाखेचा पदवीधर, अधिक एमपीएच' असं लिहा आणि लेखी परीक्षा कितीही कडक घ्या. आमची मुलं पडली तर दोष आमचा. आणि हे करायचं नसेल, तर आम्हा लहान विद्यापीठांना तसं स्पष्ट पत्राने कळवा. बिगरवैद्यकीय मुलांचे प्रवेश आम्ही थांबवू. वर्ग कदाचित बंद पडेल, पण एसटीच्या वाहकाची दोन वर्षांची फी तरी वाचेल.

त्या रजिस्टरचे मुलीने काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. गावाचं नाव झाकून, 31 जूनच्या नोंदीसह, आपल्या कार्यालयाकडे पाठवू शकते.

आपली नम्र,
सार्वजनिक आरोग्याची एक शिक्षिका