पेटीत मावेल एवढं स्टेशन

मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की आपली मंडळी दोनपैकी एक गोष्ट हमखास करतात. एक तर परदेशातून तयार बॉक्स मागवतात, आणि मग हॉलमध्ये आल्प्सचे डोंगर, बोगदा आणि लाल छपराचं चर्च अवतरतं. नाहीतर एक्सेलमध्ये बारा फुटी लेआउट आखतात, जो पुढे एक्सेलमध्येच राहतो. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम (१ एप्रिल १९९८ पासून सुरू आहे) बघून आलेल्या माणसाला तर दुसरा आजार होतोच. म्युझियम झकास आहे, वादच नाही. पण त्याला स्वतःची कायमची जागा आहे हो, आणि आपण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे लोक!

म्हणून माझं म्हणणं असं की लेआउट पेटीसारखा मिटवून काखेत मारता आला पाहिजे, आणि त्यात दिसलं पाहिजे आपलं गाव. माझ्या बाबतीत सिंदेवाही. आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाकडेच्या एका स्टेशनात मॉडेल करण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. खूप आहे. आधी थोडं गणित.

जगभर सर्वात जास्त चालणारी स्केल म्हणजे एचओ, १:८७. तिचे रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे असतात, कारण ती १४३५ मिलिमीटरच्या युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी बनली आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ नं भागा, १९.३ येतात. म्हणजे बाजारातल्या रुळांवर आपली एक्सप्रेस ठेवली की ती जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळांवर उभी राहते, आणि एकदा ते लक्षात आलं की डोळ्यांना खुपतच राहतं. शिवाय एक डबा साधारण २२ मीटरचा. वीस डब्यांची गाडी १:८७ मध्ये पाच मीटरच्या पुढे जाते. वन बीएचके संपला!

आता नॅरोगेज घ्या. ७६२ मिलिमीटर. ८७ नं भागा, ८.७६. आणि एन स्केलचे रूळ, जे सगळीकडे तयार मिळतात, ते किती गेजचे? ९ मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरचा! त्यावर एन स्केलच्या छोट्या इंजिनाची चेसिस घ्यायची आणि वरची बॉडी कार्डशीटची किंवा थ्रीडी प्रिंट करून १:८७ ची बसवायची. यवतमाळची शकुंतला, बार्शी लाईट, सगळ्या याच गेजच्या. विदर्भाच्या माणसाला हे गणित जणू आयतं वाढून ठेवलंय.

आणि सिंदेवाही याच छोट्या गाडीचं गाव होतं. गोंदियाहून वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टला जाणारी आमची लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. तोवर ती नॅरोगेज. नागपूर-नागभीड हा १९०८ चा फाटा त्यानंतरही छोटाच राहिला, त्यामुळे नागभीडला बरीच वर्षं दोन्ही गेज शेजारी नांदत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तोही गेज बदलण्यासाठी बंद झाला. माझ्या वयाच्या लोकांनी सिंदेवाहीच्या फलाटावर छोटी गाडी पाहिलेलीच नाही. ज्यांनी पाहिली ते पन्नाशी-साठीच्या पुढचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत येतो त्याच्याकडे.

लेआउट कसला करायचा? इंग्लंडमध्ये ॲलन राइट नावाच्या माणसानं ‘इंगलनूक’ नावाचं एक कोडं काढलं. दोन सांधे, तीन सायडिंग. एकीत पाच डबे मावतात, बाकी दोन्हींत तीन-तीन. शंटिंगच्या तुकड्यात इंजिन आणि तीन डबे. एकूण आठ डबे घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून त्यातले पाच निवडायचे आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. ८×७×६×५×४, म्हणजे ६,७२० वेगवेगळे प्रश्न. ज्यांनी कॉलेजात स्टॅकवर असाइनमेंट केल्यात त्यांना हे खेळताना गुदगुल्या होतील :-) भाताची पोती, बांबू, लाकूड... डबे काय भरायचे ते सुचवायला नको.

माझ्या हिशेबानं हे सगळं चार फुटांत बसतं. दोन-दोन फुटांचे एक-एक फूट रुंद दोन बोर्ड, मध्ये बिजागरी, मिटले की पेटी. बिजागरीचा खिळा रुळांच्या उंचीपेक्षा वर हवा, नाहीतर मिटताना रूळ एकमेकांवर दाबले जातात. म्हणून बोर्डांच्या कडांना दोन लाकडी ठोकळे उभे करायचे, त्यावर बिजागरी, आणि ठोकळे झोपडीत किंवा झाडाआड लपवायचे. प्लाय चांगलाच घ्या, पावसाळ्यात हलका प्लाय पापडासारखा वळतो. थर्माकोलला फेविकॉल चालतं, फेविक्विक नाही, ते थर्माकोल खातं. जमिनीसाठी गावची माती चाळून आणायची. तिच्यासारखा रंग कुठल्याच डबीत मिळत नाही.

आपल्या जमातीचा एक खास रोग आहे. रूळ टाकायच्या आधीच आर्डुइनो, डीसीसी, मोबाइल ॲप. राहू द्या की! बारा व्होल्टचा साधा कंट्रोलर आणि हातानं बदलायचे सांधे पुरतात. ऑफिसात करतो तेवढं डिबगिंग पुरे आहे.

खरी अडचण वेगळी आहे. चारशे मीटरचं आवारही १:८७ मध्ये साडेचार मीटर होतं. म्हणजे चार फुटांत बहुतेक गोष्टी गाळाव्याच लागणार. काय ठेवायचं हे ठरवणार कोण? छोटी गाडी न पाहिलेला मी? इंजिनाची मापं नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये उभ्या असलेल्या इंजिनांवरून घेता येतील. पण आपल्या फलाटावर झाड कुठे होतं, गार्ड कुठे उभा राहायचा, बैलगाड्या कुठून आत यायच्या, हे तिथे कळणार नाही.

पेटी हवी ती यासाठी. रूळ चिकटवायच्या आधी नुसत्या कार्डशीटची स्टेशन इमारत, टाचणीवर उभी केलेली झाडं, एवढं घेऊन दिवाळीला गावी जायचं. रेल्वेत बर्थखाली पेटी आरामात राहते. अंगणात पाट मांडून उघडायची. अर्ध्या तासात कुणीतरी काका चष्मा लावून वाकतील आणि म्हणतील, “नाही गा, पान्याची टाकी त्या बाजूनं होती.” दुसरे म्हणतील, तिथं टाकी कुठली! मग दोघांचं भांडण लागेल. लागू द्या. टाचण्या सोबत ठेवा आणि वहीही.