चूक सरकारची, वसुली सैनिकाकडून

अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची लष्करभरती बंद केली. तेव्हापासून तेथील सरकारला सैनिक मिळविण्यासाठी पैसे मोजावे लागतात. इराक व अफगाणिस्तानातील युद्धे लांबली आणि मनुष्यबळ अपुरे पडू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डने सेवा वाढविण्यास तयार असलेल्या जवानांना १५ हजार डॉलर वा त्याहून अधिक बोनस देऊ केला. जवानांनी सह्या केल्या, अनेक जण रणभूमीवर गेले. काही जायबंदी होऊन परतले.

पुढे लेखापरीक्षणात निराळेच उघड झाले. तुटवडा असलेल्या कामांसाठी राखलेला हा बोनस भरतीचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत सरसकट वाटला गेला होता. योजना सांभाळणाऱ्या महिला सार्जंटने २०११ मध्ये दीड कोटी डॉलरहून अधिक रकमेचे खोटे दावे केल्याची कबुली दिली. तिला तुरुंगवास झाला. मात्र वसुलीचा बडगा उगारला गेला तो सुमारे ९,७०० आजी-माजी जवानांवर. पैसे न भरल्यास व्याज आणि पगारातून कपात! 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणल्यानंतर, काही दिवसांतच संरक्षणमंत्री अ‍ॅश्टन कार्टर यांना वसुली थांबविण्याचा आदेश द्यावा लागला.

यातील खरी मेख करारात आहे. सही केलेल्या जवानाने मुदतीपूर्वी पळ काढला, तर तो गुन्हेगार ठरतो. सरकारला मात्र दशकभरानंतरही कागद पुन्हा उघडून 'तुम्ही पात्रच नव्हता' असे म्हणता येते. पैसे परत घेता येतात. युद्धात घालविलेली वर्षे जवानाला कोण परत देणार? भरतीचा बोनस ही सानुग्रह मदत नव्हे, तो सेवेचा आगाऊ ठरलेला मोबदला आहे. पात्रता तपासण्याची जबाबदारीही देणाऱ्याचीच.

डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या कायद्याने निदान एवढे मान्य केले, की आपण अपात्र आहोत हे जवानाला ठाऊक होते किंवा असायला हवे होते, असे पुराव्याने दिसल्याखेरीज बोनस परत मागू नये. त्यानंतर २०२२ मध्ये भरती घटली, तेव्हा अमेरिकी लष्कराने सहा वर्षांच्या करारासाठी ५० हजार डॉलरपर्यंत बोनस जाहीर केला. त्या कागदावर सही करणाऱ्या तरुणाला कॅलिफोर्नियाचे प्रकरण भरती अधिकाऱ्याने सांगितले असण्याची शक्यता कमीच.