बेशिस्त कोण: लोक की कायदा?

१/ साथ लांबली, निर्बंध वाढले की एक वाक्य हमखास कानी येते: ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ इतिहास या आरोपाला दुजोरा देत नाही.

२/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मार्चपासून पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या आरंभल्या. शिपाई थेट माजघरात, देवघरात शिरत. रोगी इस्पितळात आणि त्याचे आप्त छावणीत नेले जात. परिणामी लोक रोगी लपवू लागले.

३/ हे अज्ञान होते? त्याच दिवसांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. समाज रोगाशी लढत होता. त्याचा विरोध अपमानाला होता.

४/ पुढे सक्ती सैलावली, तेव्हा दख्खनमधील कित्येक गावे प्लेग येताच घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागली. निर्बंध कमी कठोर नव्हता. तो लोकांना पटला होता.

५/ या कायद्याची मूळ कलमे अवघी चार. आज्ञाभंगाला शिक्षा आहे, सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. ज्याची चूल विझली त्याच्या भाकरीची जबाबदारी मात्र कुणावरच नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच कायदा लागू झाला.

६/ तेव्हा महामार्गाने पायी गावी निघालेल्या मजुरांना बेशिस्त ठरवणाऱ्यांनी आधी ही चार कलमे वाचावीत. संयम हुकमाने निपजत नाही. तो विश्वासावर आणि भरल्या पोटावर टिकतो.